गोठवणारी थंडी : तारक आणि मारक

देवणी ही लातूर जिल्ह्यातली आणि लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातली गाई-बैलांची प्रसिद्ध जात. अशा जातिवंत वळूंचे रेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला, वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे ही थंडी पेशी जगवते. पण पायातील शिरांच्या एका विकारात पेशी मारण्यासाठीही थंडीच वापरतात. हे कसे?

काही मुलांच्या पायात शिरांची रचना जन्मतःच बिघडलेली असते. पातळ भिंतींच्या फुगीर शिरांचा मऊ, निळसर गोळा स्नायूत तयार होतो. मुलाबरोबर तो वाढतो. त्यात रक्त साकळले की पाय ठणकतो. तो कापून काढताना रक्तस्राव फार होतो आणि थोडा भाग उरला तरी पुन्हा वाढतो. म्हणून बहुधा त्यात औषध टोचून शिरा बंद करतात. तेवढ्याने भागले नाही, तर गोठवण्याचा मार्ग उरतो.

या मार्गाची सुरुवात कुल्फीच्या मिश्रणापासून झाली. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स अर्नॉट यांनी बर्फ व मीठ यांचे मिश्रण कर्करोगाच्या गाठींवर लावले. वेदना कमी झाल्या. पण उणे २० अंशांच्या आसपासची थंडी गाठ नष्ट करण्यास अपुरी होती. १८९५ मध्ये कार्ल फॉन लिंडे यांनी हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करण्याची रीत शोधली आणि १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी ती हवा त्वचारोगांवर वापरली. तरी उपचार कातडीपुरताच राहिला. १९६१ मध्ये आयर्व्हिंग कूपर यांनी केवळ टोकाशी थंड होणारी नळी बनवली आणि थंडी शरीराच्या आत पोहोचली. पुढे दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या सुया आल्या. त्यांत उच्च दाबाचा अरगॉन वायू बारीक छिद्रातून प्रसरण पावतो व टोक उणे १०० अंशांखाली जाते. शिरांच्या या विकारावर अशा सुया वापरल्याचे अनुभव फ्रान्समधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोथिंबिरीची जुडी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून सकाळी बाहेर काढा. वितळताच ती लुळी पडते, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाडलेल्या असतात. सुईच्या टोकाशी हेच घडते. शिवाय गोठवून, वितळवून, पुन्हा गोठवल्याने नाश पुरता होतो. रेत मात्र वाचते, कारण त्यात संरक्षक द्रव्य मिसळलेले असते. ग्लिसरॉल हे काम करते, असे १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना इंग्लंडमध्ये आढळले. ते पेशीतील पाण्याला मोठे स्फटिक बनवू देत नाही.

बर्फाचा गोळा सोनोग्राफीत दिसतो, हा मोठा फायदा. पण त्याच्या कडेला तापमान शून्याच्या जवळपास असते. पेशी खात्रीने मरण्यास उणे ४० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणून गोळा विकाराच्या थोडा पलीकडे न्यावा लागतो, आणि तेथे मज्जातंतू किंवा कातडी असेल तर जपावे लागते.

कवायतीला पाय दुखतो म्हणून बसून राहणाऱ्या मुलाच्या पोटरीवर लहानपणापासून मऊ, निळसर सूज असेल, तर त्याला आळशी ठरवू नये. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे दाखवण्यास पालकांना जरूर सांगावे. निदान आधी, उपचार कोणता हा प्रश्न नंतरचा.