मुखातील अधःश्लेष्मकला तंतुमयता
तोंडाच्या अस्तराखालील संयोजी ऊतक (इतर ऊतकांना आधार देणारा कोशिकासमूह) हळूहळू घट्ट व तंतुमय होऊन तोंड उघडणे कठीण करणारा एक चिरकारी विकार. निदान लक्षणांवरून होते. जीवोतक परीक्षेने (ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीने) त्याला पुष्टी मिळते.

इतिहास : केन्यातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये आढळलेल्या या विकाराचे वर्णन श्वार्ट्‌स यांनी १९५२ मध्ये केले. पुढील वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी टाळूच्या व घशाच्या कमानींच्या तंतुमयतेची नोंद केली. हे रुग्ण कर्करोगाला बळी पडू शकतात, हे पेमास्टर यांनी १९५६ मध्ये दाखविले. मिरचीतील तिखट द्रव्य हे कारण असावे असा प्रारंभी तर्क होता. मुंबईतील संशोधक सत्यवती सिरसाट व वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी १९६० मध्ये उंदरांच्या टाळूला ते द्रव्य लावून हा तर्क तपासला. पुढे मात्र सुपारी हेच प्रमुख कारण असल्याचे सिद्ध झाले. तीतील अरेकोलिनामुळे तंतुजनक कोशिका अधिक कोलॅजेन तयार करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला मानवी कर्ककारक ठरविले.

सूक्ष्मदर्शकीय स्वरूप : डॅनिश विकृतिवैज्ञानिक पिंडबोर्ग व सिरसाट यांनी १९६६ मध्ये विकाराच्या चार अवस्था सांगितल्या. आरंभी सूज, विस्फारलेल्या रक्तवाहिन्या व बारीक तंतू दिसतात. शेवटी कोलॅजेन काचेसारखे एकजीव होते आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात किंवा नाहीशा होतात. अधिस्तर झिजून पातळ होतो आणि त्याच्या खाली उतरणाऱ्या कडा सपाट होतात. वैचित्र्य असे की, याच झिजलेल्या अधिस्तरात कर्करोगपूर्व बदल आढळतात. केरळमध्ये १७ वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी ७·६ टक्के रुग्णांना कर्करोग झाला (१९८५).

विदर्भातील स्थिती : सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भात रूढ आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मेळघाटातील सेमाडोहसारख्या दुर्गम गावातील रुग्णाच्या ऊतकाची तपासणी शहरातील प्रयोगशाळेतच होऊ शकते. त्यामुळे तिखट खाताना होणारी आग, गालाचा पांढुरका व कडक झालेला भाग आणि तोंडात पूर्वीप्रमाणे बोटे न मावणे, ही चिन्हे गावपातळीवरच ओळखणे महत्त्वाचे ठरते. घट्ट झालेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत; म्हणून सुपारी वेळीच सोडणे हाच मुख्य उपाय होय.