रेकॉर्ड वाचायची कशी?

आज आपण एक जुनी रेकॉर्ड हातात घेणार आहोत, पण वाजवायला नाही, वाचायला.

सुरुवात 1902 च्या कलकत्त्यातून. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग तिथे गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड करतात. पण तबकड्या छापल्या जाणार थेट जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या लोकांना काय कळणार, कोण गातंय? म्हणून गाणं संपलं की बाई स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या, असं सांगतात. म्हणजे लेबल थेट आवाजातच!

पुढे 1931 मध्ये ही कंपनी ईएमआयमध्ये विलीन झाली. लंडनजवळच्या हेझ इथे तिचा मोठा कारखाना होता. बीटल्सच्या रेकॉर्ड्स तिथेच छापल्या जायच्या.

आता छपाई कशी व्हायची बघा. आधी लॅकरच्या तबकडीवर सुईनं खाच कोरायची. तिच्यावर चांदीचा पातळ थर, मग निकेलचा जाड थर. तो सोलून काढला की उलटी प्रत मिळते, तो मास्टर. मास्टरवरून पुन्हा सुलटी प्रत, ती मदर. मदरवरून पुन्हा उलटे साचे, ते स्टॅम्पर. दोन स्टॅम्परच्या मध्ये गरम प्लॅस्टिकचा गोळा दाबला की झाली रेकॉर्ड तयार. पण स्टॅम्पर झिजतो, मग नवा लावायचा. मदर खराब झाली की नवी मदर.

मग हातातली रेकॉर्ड नेमकी कुठल्या साच्यातून आली? लेबलच्या भोवती एक रिकामी, गुळगुळीत पट्टी असते, तिथे बघा. घड्याळ समजा. हेझच्या रेकॉर्डवर सहाच्या जागी मॅट्रिक्स नंबर, नऊच्या जागी मदरचा आकडा आणि तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरं.

अक्षरं का? कारण त्यांचा कोड होता: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, असं करत टी म्हणजे 9 आणि डी म्हणजे शून्य. डावीकडे 2 आणि उजवीकडे 'आरटी' दिसलं, तर दुसरी मदर, एकोणतिसावा स्टॅम्पर. जुळवून वाचा, 'ग्रामोफ लिमिटेड'! 'ग्रामोफोन' या शब्दातही इंग्रजीत दहाच अक्षरं आहेत, पण ओ दोनदा येतो. एका अक्षराचे दोन आकडे कसे चालतील? मी रोज कोड लिहिते, त्यामुळे हे लक्षात आल्यावर मला भारी वाटलं.

मॅट्रिक्स नंबरच्या शेवटी असतो -1, -2 असा आकडा. तो कितव्यांदा कोरलं ते सांगतो. बीटल्सच्या 1965 च्या 'रबर सोल'च्या मोनो रेकॉर्डचा -1 कट जास्त मोठ्या आवाजाचा होता, तो लवकरच बदलला गेला. कव्हर तेच, गाणी तीच, पण आवाज वेगळा. आणि तो फरक सांगतात फक्त त्या पट्टीवरच्या खुणा. संग्राहक आज त्याच शोधत बसतात.

पण मला वाटतं, या खुणा संग्राहकांसाठी नव्हत्याच. रेकॉर्डमध्ये कटकट ऐकू आली, तर चूक नेमकी कुठल्या साच्यात आहे ते शोधायला होत्या. आपण सॉफ्टवेअरला व्हर्जन नंबर देतो तो तरी कशासाठी?

घरी आजोबांची एखादी रेकॉर्ड असेल, तर उजेडात तिरकी धरून बघा. लेबलजवळ काय दिसतं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!