दोघं कोसळली ती जागा

गुहा म्हटलं की आपल्याला लेणी नाहीतर देवस्थान आठवतं. आज मी सांगणार आहे ती गुहा दूर अमेरिकेत, ॲरिझोनातल्या 'कॅन्यन डेल म्युर्तो' नावाच्या खोल दरीत आहे. तिला 'हत्याकांडाची गुहा' म्हणतात.

हा मुलूख नवाहो लोकांचा. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. दक्षिणेकडून स्पॅनिश राज्य सरकत आलं आणि सरहद्दीवर झगडे पेटले. नवाहो गुरं-मेंढरं पळवत. स्पॅनिश लोक नवाहो बायका-मुलं धरून नेत आणि घरकामाला गुलाम म्हणून ठेवत.

1805 च्या जानेवारीत अंतोनियो नार्बोना हा अधिकारी फौज घेऊन दरीत शिरला. नवाहो सांगतात, पुरुष शिकारीला गेले होते. बाया, लेकरं, म्हातारी माणसं कड्यावरच्या गुहेत लपली. खालून फौज पुढे निघालीही होती. पण गुहेतल्या एका म्हातारीने स्पॅनिशांच्या घरी गुलामी सोसली होती. तिला राग आवरला नाही. ती वरून ओरडून शिव्या देऊ लागली आणि जागा उघडी पडली. मग गोळ्या सुटल्या. दगडावर त्यांच्या खुणा आजही दिसतात.

नार्बोनाने वर कळवलं : 115 ठार, त्यांत 90 लढवय्ये आणि 25 बायका-मुलं, शिवाय 33 कैदी. पुढे तो न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर झाला.

लढवय्ये 90? पुरुष तर तिथे नव्हतेच, असं नवाहो पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. सरकारी कागद एक बोलतो, घरातली आठवण दुसरं. बाया-लेकरं मारली म्हणून शाबासकी कोण देणार? कागद लिहिणारा मारणाराच होता, हे विसरू नका.

नवाहोंनी त्या जागेला स्वतःचं नाव दिलं. अर्थ असा : 'दोघं कोसळली ती जागा'. पहिला शिपाई वर चढला तेव्हा एका बाईने त्याला मिठी मारली आणि दोघं कड्यावरून खाली गेली. त्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पण जागेच्या नावात ती आहे.

आपल्याही गावात अमकीची विहीर, तमकीचा माळ असतो. येत्या बैठकीला एखाद्या आजीला बोलवा, त्या नावामागची हकीकत विचारा आणि गटाच्या वहीत तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.