स्मिथ, फ्रँक पर्सी

स्मिथ, फ्रँक पर्सी : (१२ जानेवारी १८८०–२४ मार्च १९४५). ब्रिटिश निसर्गाभ्यासक, छायाचित्रकार व निसर्गविषयक लघुपटांचे एक आद्य निर्माते. जन्म लंडनमधील इझलिंग्टन येथे. निसर्गचित्रणाच्या आरंभकाळी भव्य श्वापदांचे व देखण्या पक्ष्यांचे आकर्षण असणे स्वाभाविक होते. स्मिथ यांनी मात्र माशी, कोळी, मावा, डबक्यातील जीव यांसारख्या, सर्वसामान्यांनी क्षुद्र किंवा किळसवाण्या मानलेल्या प्राण्यांच्या चित्रणास आपले आयुष्य वाहिले.

ते प्रारंभी ब्रिटनच्या शिक्षण मंडळात कारकून होते. फावल्या वेळात सूक्ष्मदर्शक व कॅमेरा यांच्या साहाय्याने त्यांचा अभ्यास चाले. लंडनमध्ये १८६५ साली स्थापन झालेल्या क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लब या संस्थेचे ते सभासद होते. तिच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी काही काळ केले. याच नियतकालिकात १९०४ मध्ये त्यांचा एरिगोनी गटातील कोळ्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. हे कोळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचे असतात. अशा जीवांमधील सूक्ष्म भेद पारखण्याची जी सवय त्यांना जडली, तीच त्यांच्या पुढील चित्रणाचा पाया ठरली.

स्मिथ यांनी घेतलेले माशीच्या जिभेचे विवर्धित छायाचित्र चित्रपटनिर्माते चार्ल्स अर्बन यांच्या पाहण्यात आले व त्यांनी स्मिथ यांना चलच्चित्रणाकडे वळविले. द बॅलन्सिंग ब्लूबॉटल (१९०८) या लघुपटामुळे त्यांचे नाव गाजले. जखडून ठेवलेली माशी आपल्या पायांवर स्वतःहून मोठ्या वस्तू तोलते व गरगर फिरविते, असे दृश्य त्यात होते. वस्तुतः माशीच्या दृष्टीने ही कसरत नसून ते निव्वळ चालणे होय. पायांना आधार लागताच त्यावर चालू लागणे हा तिचा धर्म. येथे ती स्वतः स्थिर असल्याने आधार तेवढा फिरतो. प्रेक्षकांना मात्र त्यात सर्कस दिसली. काहींनी हा प्राण्याचा छळ असल्याची शंका घेतली, तेव्हा माशीस इजा झालेली नाही, असा खुलासा स्मिथ यांना करावा लागला. ज्या माशीला एरवी लोक बिनदिक्कत चिरडतात, तिच्याविषयी अशी शंका निघावी, हेच विवर्धित चित्रणाचे मोठे यश म्हणावे लागेल. याच विषयावरील द ॲक्रोबॅटिक फ्लाय (१९१०) हा त्यांचा लघुपट आज उपलब्ध आहे. टू डेमन्स्ट्रेट हाऊ स्पायडर्स फ्लाय (१९०९) यात कोळी धागा सोडून वाऱ्यावर कसा तरंगत जातो, हे त्यांनी कृत्रिम प्रतिकृती टप्प्याटप्प्याने हलवून दाखविले.

१९१० च्या सुमारास नोकरी सोडून त्यांनी हाच व्यवसाय पत्करला. द बर्थ ऑफ ए फ्लॉवर (१९१०) या लघुपटात कळ्या उमलण्याची मंद क्रिया त्यांनी ठराविक कालांतराने एकेक चित्र घेऊन दृश्य केली. दर पंधरा मिनिटांस एक या प्रमाणात २४ तासांत ९६ चित्रे होतात. सेकंदास १६ या गतीने दाखविल्यास संपूर्ण दिवस सहा सेकंदांत सरतो. यासाठी लागणारी यंत्रणा स्मिथ उत्तर लंडनमधील साउथगेट येथील राहत्या घरी किरकोळ सामानातून स्वतःच जुळवीत. रात्री कॅमेऱ्यातील फिल्म बदलण्याची वेळ झाल्यास जाग यावी, म्हणून त्यांनी घरभर घंटा बसविल्या होत्या. पहिल्या महायुद्धकाळात त्यांनी युद्धाच्या हालचाली दर्शविणारे चलत् नकाशेही तयार केले.

ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्स या संस्थेच्या सीक्रेट्स ऑफ नेचर (१९२२–३३) या मालिकेत त्यांच्या कार्यास प्रौढता आली. द ॲफिस (१९३०), श्लेष्मकवकांवरील मॅजिक मिक्सीज (१९३१) व न्यूट या उभयचर प्राण्यावरील रोमान्स इन ए पाँड (१९३२) हे त्यांपैकी उल्लेखनीय होत. मेरी फील्ड या त्यांच्या प्रमुख सहकारी. या दोघांनी जे. व्ही. डर्डन यांच्यासह लिहिलेला सिने-बायॉलॉजी हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या जोडीने दाखविले जात. त्यामुळे त्यांना रंजकतेची कास धरावी लागली. शीर्षकांतील ‘जादू’ व ‘प्रणय’ हे शब्द आणि प्राण्यांवर मानवी स्वभावाचा आरोप करणारे विनोदी निवेदन ही त्या तडजोडीची चिन्हे होत. आजच्या अभ्यासकास ती खटकतात. तथापि निवेदन वगळून केवळ चित्रे पाहिली, तर स्मिथ यांची शिस्त स्पष्ट होते : जीवाची क्रिया पूर्ण होईपर्यंत कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. किळस ही बहुधा अपुऱ्या निरीक्षणातून येते, हा त्यांच्या कार्याचा आशय शब्दांपेक्षा या चित्रांतून अधिक प्रत्ययास येतो. स्ट्यूअर्ट स्टेपल्स यांनी २०१६ मध्ये स्मिथ यांच्या लघुपटांतील दृश्ये संगीताच्या साथीने गुंफून मिनिट बॉडीज हा चित्रपट केला, त्यातही जुन्या निवेदनाऐवजी या दृश्यांनाच प्राधान्य मिळाले. विस्मृतीत गेलेल्या या कार्याचा त्यामुळे नव्या पिढीस परिचय झाला.