शून्यापाशी काय उरतं?

1984 साली मी भाईंदरला नववीत होतो. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून कॅल्क्युलसचं एक इंग्रजी पुस्तक दोन रुपयांना आणलं आणि मिठागराच्या बांधावर बसून वाचू लागलो. ‘डीवाय छेद डीएक्स’मधले वरचे-खालचे डी मी आठवडाभर खुशाल काटत होतो! विचारणार कुणाला? अब्बांचा हिशेब शिलाईचा.

उलगडा केला तो लोकलनं. खाडीपुलावरून नायगावकडे निघालेली गाडी या क्षणी किती वेगात आहे? अंतर भागिले वेळ. मग तो वेळ मिनिटाचा, सेकंदाचा, त्याहूनही लहान करत न्यायचा. अंतर आणि वेळ दोन्ही शून्याकडे सरकतात. त्यांचा भागाकार मात्र उरतो. हे समजायला मला महिना लागला.

पुढे मी बी.ए. केलं, कवितेकडे वळलो. फार उशिरा कळलं की याच गणितावर बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत पुस्तक लिहिलं होतं. 1832 मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री आम्हाला शाळेत पाठ होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, 1846 मध्ये ऐन तिशीत वारलेले हे गृहस्थ गणिती होते, हे कुणी सांगितलंच नाही. पुस्तकाचं नाव ‘शून्यलब्धी’. लब्धी म्हणजे भागाकाराचं उत्तर आणि मिळकतसुद्धा. माझा अख्खा महिना त्या एका शब्दात होता! घरी आम्ही शून्याला सिफर म्हणतो. तो अरबी शब्दही मूळ ‘शून्य’चाच तर्जुमा.

रद्दीच्या दुकानात आजही मी त्या पुस्तकाची चौकशी करतो.