चार मजुरांचा खेळ

खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर एक इमारत असते, चार मजूर असतात आणि गाठीला 50 खनिजं. मजुरांना समोरच्या निळ्या खड्यांकडे पाठवायचं आणि त्याच क्षणी त्या 50 खनिजांतून पाचवा मजूर घडवायला टाकायचा. चौघांना एकाच खड्यावर पाठवलं तर ते एकमेकांची वाट अडवतात, म्हणून पहिल्याच सेकंदाला चौघांना चार खडे वाटून द्यावे लागतात. एक मजूर एका खेपेत 8 खनिजं आणतो. पाचवा बाहेर आला की तो आपणहून कामाला लागत नाही, त्याला बोट धरून खड्यापाशी न्यावं लागतं. सहाव्यालाही. विसाव्यालाही, आणि तोवर नकाशाच्या दुसऱ्या टोकाला लढाई पेटलेली असते.

हा ‘स्टारक्राफ्ट’. मी तो पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, हॉस्टेलवर. एका खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या खोलीत लॅनची वायर टाकलेली असायची. एका सीडीवर आठ जणांना खेळता येईल अशी सोय खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवली होती, त्यामुळे एकाने विकत घेतला की सगळ्या मजल्याचा झाला. आम्ही बहुतेक जण ‘एज ऑफ एम्पायर्स’वाले, पण ज्यांना स्टारक्राफ्टची गोडी लागली ते पुन्हा दुसरीकडे वळले नाहीत. मीही नाही. आज त्याच्या स्पर्धांचं पुढे काय होणार, हा प्रश्न दर हंगामाला नव्याने उभा राहतो. बक्षिसं आटतात, स्पर्धा बंद होतात, जुने खेळाडू निवृत्त होतात. उत्तर शोधायचं तर हे सगळं मुळात उभं कसं राहिलं, ते आधी पाहायला हवं. ते कुणी ठरवून उभं केलेलं नव्हतं.

चाली आळीपाळीने न करता दोघांनी एकाच वेळी वसाहत उभारायची, सैन्य घडवायचं आणि लढायचं, या प्रकाराची घडी 1992 च्या ‘ड्यून टू’ने बसवली. ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने 1994 मध्ये त्याच वाटेने ‘वॉरक्राफ्ट’ आणला आणि 31 मार्च 1998 ला ‘स्टारक्राफ्ट’. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन जमाती एकमेकींपासून संपूर्ण वेगळ्या, तरीही तुल्यबळ. हे त्याचं नावीन्य. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ब्रूड वॉर’ ही पुरवणी आली आणि खेळ पूर्ण झाला. इथपर्यंतची गोष्ट अमेरिकेतली. पुढची दक्षिण कोरियातली.

नोव्हेंबर 1997 मध्ये कोरियावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायची वेळ आली होती. मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं काढली. नोकरी गेलेल्या पुष्कळांनी हाती आलेल्या पैशांतून एक छोटा धंदा उघडला, तो म्हणजे ‘पीसी बांग’. बांग म्हणजे खोली. भाड्याची जागा, ओळीने मांडलेले संगणक आणि तासावर पैसे. सरकारने त्याच सुमारास देशभर जलद इंटरनेटचं जाळं विणायला घेतलं. जपानशी असलेल्या जुन्या वैरापायी जपानी सांस्कृतिक मालावर वर्षानुवर्षं बंदी होती, म्हणून घरोघरी जपानी गेम-यंत्रं पोचलेली नव्हती. पोरांना खेळायचं तर ते संगणकावर, आणि संगणक बांगमध्ये. रिकाम्या हातांची माणसं, स्वस्त खोल्या, नवी तार आणि नेमका त्याच सुमारास आलेला एक खेळ. जगभर या खेळाच्या साधारण एक कोटी प्रती खपल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या या एका देशात. ब्लिझार्डच्या कुठल्याच आराखड्यात हे नव्हतं.

पुढचा धागाही असाच अनपेक्षित. 1999 मध्ये टूनिव्हर्स नावाच्या कोरियन कार्टून वाहिनीने स्टारक्राफ्टच्या स्पर्धेचं प्रक्षेपण केलं. ते इतकं चाललं की 2000 मध्ये त्यातून ‘ऑनगेमनेट’ ही केवळ खेळांना वाहिलेली वाहिनी निघाली. तिच्या निवेदकांपैकी अम जे-क्यंग हे मूळचे चित्रकथांचे लेखक. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांनी सामने आकड्यांत सांगितले नाहीत, कथेत सांगितले. खेळाडूंना बिरुदं दिली, वैरं रंगवली, पराभवाला वजन दिलं. इम यो-ह्वान हा मुलगा ‘टेरनचा सम्राट’ झाला. तो चढाई करायचा ती मूठभर सैनिकांना हवेतून उतरवून, आणि एकेक सैनिक असा वाचवायचा की टेरन दुबळे आहेत हा समज त्याने एकट्याने पुसून टाकला. त्याच्या चाहत्यांच्या मंडळात पुढे सहा लाखांवर लोक होते. हाँग जिन-हो पुन्हा पुन्हा अंतिम फेरीत पोचून हरत राहिला, आणि लोकांनी त्याच्यावर जिंकणाऱ्याइतकंच प्रेम केलं.

खेळाची खरी घडण मात्र खेळाडूंच्या बोटांनी केली. ब्रूड वॉरमध्ये एका वेळी बाराच शिपाई निवडता येतात. इमारतीही एका वेळी एकच. 1998 च्या सॉफ्टवेअरच्या या मर्यादा. पण साठ शिपायांचं सैन्य पाच तुकड्यांत हाकायचं, सोबत दहा कारखान्यांना एकेक करून हुकूम द्यायचे, तर मिनिटाला तीनशे-चारशे कळा आणि क्लिक लागतात; मग त्या मर्यादाच खेळाचा कस झाल्या. झर्गकडे म्युटालिस्क नावाचे उडते प्राणी आहेत. एरवी ते पसरून उडतात. कोरियातल्या खेळाडूंना शोध लागला, की अकरा म्युटालिस्कांच्या गटात नकाशाच्या दूर कोपऱ्यातला एखादा संथ प्राणी बारावा म्हणून घातला, तर ते अकराही एकमेकांत मिसळून एका ठिपक्यासारखे उडतात. समोरच्याला नेम कुणावर धरायचा तेच कळत नाही. बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेली ही खोच झर्गचं मुख्य हत्यार ठरली.

जमातींच्या बलाबलात ब्लिझार्डने शेवटचा फेरफार केला तो 2001 मध्ये. त्यानंतर एकही नाही. तरी एक जमात वर्षानुवर्षं जिंकत बसली असं झालं नाही, कारण ते काम नकाशे आखणाऱ्यांनी अंगावर घेतलं. टेरन फार जड जाऊ लागले की पुढच्या हंगामाच्या नकाशात एखादी खिंड रुंद करायची, एखादा सुळका कमी करायचा, दुसऱ्या खाणीची जागा हलवायची. खेळपट्टी तयार करणाऱ्या माळ्याचं महत्त्व आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना सांगायला नको. इथे दर हंगामाला नवी खेळपट्टी होती, आणि ती मालकाने नव्हे, खेळणाऱ्यांच्या जगातल्या माणसांनी तयार केलेली.

आणि होत्या तालमी. मी हा शब्द जाणूनबुजून वापरतो. एसके टेलिकॉम, सॅमसंग, केटी अशा कंपन्यांनी संघ बांधले आणि संघाची पोरं एका घरात राहू लागली. सोळा-सतरा वर्षांची मुलं, ओळीने लावलेले संगणक, दिवसाचे दहा-बारा तास सराव, स्वयंपाकाला एक बाई, वर प्रशिक्षकाचा धाक. कोल्हापूरच्या तालमीत नवा पोरगा जसा आधी जुन्या मल्लांच्या अंगाला अंग लावून शिकतो, तसा इथला नवा पोरगा आधी महिनोन्‌महिने वरच्या खेळाडूंकडून मार खायचा. सैन्यात सक्तीची भरती चुकत नाही, म्हणून 2007 मध्ये कोरियन हवाई दलानेही आपला संघ काढला, आणि सम्राट गणवेषात खेळला. बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर 2004 च्या जुलैत संघांच्या लीगची अंतिम फेरी झाली, तिला लाखभर माणूस वाळूत बसल्याचं सांगतात.

मग मे 2010. या एका महिन्याभोवती सगळं एकवटलं आहे. किम्पो विमानतळावर कोरियन एअरच्या विमानांच्या हँगरमध्ये ऑनगेमनेटच्या स्पर्धेची त्या मोसमाची अंतिम फेरी रंगली. इतकी देखणी मांडणी या खेळाने पूर्वी पाहिली नव्हती. त्याच दिवसांत सामने ठरवून हरल्याचं प्रकरण उघडकीला आलं. अकरा जणांवर खेळाच्या संघटनेने, म्हणजे केस्पाने, कायमची बंदी घातली. त्यांत मा जे-युन होता, झर्गचा एके काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. त्याच महिन्यात ब्लिझार्डने आपल्या खेळांच्या कोरियातल्या प्रक्षेपणाचे हक्क केस्पाला वगळून ‘गोम टीव्ही’ला दिले. 27 जुलैला ‘स्टारक्राफ्ट टू’ बाजारात आला.

हक्कांचं भांडण आधीपासून धुमसत होतं. केस्पाने 2007 मध्ये सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले, तेव्हा खेळाच्या मालकाला विचारलंच नव्हतं. ब्लिझार्डचं म्हणणं कायद्याला धरून होतं: वस्तू आमची आहे. कोरियाच्या बाजूने पाहिलं तर अकरा-बारा वर्षं ज्यांनी घाम गाळला, प्रेक्षक जमवले, नकाशे आखले, त्यांना भाडेकरू ठरवलं जात होतं. कबड्डीला मालक नाही, कुस्तीला नाही, बुद्धिबळालाही नाही. या खेळाला होता, आणि तो बारा वर्षांनी दारात येऊन उभा राहिला. प्रकरण कोर्टात गेलं, मे 2011 मध्ये तडजोड झाली. मला या भांडणात ब्लिझार्ड खोटं बोलत होतं असं वाटत नाही. पण नव्या खेळात लॅनची सोयच काढून टाकली होती. प्रत्येक सामना कंपनीच्या सर्व्हरवरूनच खेळायचा. एका सीडीवर आठ जणांना खेळू देणारी कंपनी ही नव्हे, हे हॉस्टेलची वायर ओढलेल्या कुणालाही कळलं असतं.

नवा खेळ देखणा होता, सोपाही. मजूर आपणहून खाणीला जायचे, हवं तितकं सैन्य एका झटक्यात निवडता यायचं. पण प्रेक्षक नव्या खेळाकडे वळण्याऐवजी तिसरीकडेच गेला. डिसेंबर 2011 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ कोरियात आला आणि बांगमधले पडदे भराभर बदलले. 1 फेब्रुवारी 2012 ला एमबीसी गेम ही दुसरी वाहिनी बंद होऊन तिथे संगीत वाजू लागलं. 4 ऑगस्ट 2012 ला ऑनगेमनेटची ब्रूड वॉरमधली शेवटची ‘स्टारलीग’ स्पर्धा झाली, हो यंग-मू जिंकला आणि इतकी वर्षं आवाज चढवणाऱ्या निवेदकांना रडू आवरलं नाही. संघ नव्या खेळाकडे सक्तीने वळवले गेले. तिथेही 2015-16 मध्ये सामने विकल्याची प्रकरणं निघाली. तोवरचा सर्वांत गुणी तरुण खेळाडू ली सुंग-ह्युन त्यात सापडला. ऑक्टोबर 2016 मध्ये केस्पाने चौदा वर्षं चाललेली संघांची लीग बंद केली आणि एकामागून एक संघांना कुलूप लागलं.

इथे गोष्टीला दोन फाटे फुटतात. जुना खेळ मेला असं सगळ्यांनी धरलं होतं. तो इंटरनेटवर जिवंत झाला. निवृत्त खेळाडू आफ्रिका टीव्हीवर घरून खेळून दाखवू लागले, लोक त्यांना ‘फुगे’ पाठवू लागले, म्हणजे पैसे. 2016 पासून तिथे ब्रूड वॉरची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. या निवृत्तांपैकी ली यंग-हो, ज्याला सगळे फ्लॅश म्हणतात, जुन्या खेळाकडे परतला आणि लागोपाठ तीन मोसम जिंकला. 2017 च्या जुलैत ब्लिझार्डने खेळाची नवी, स्पष्ट चित्रांची आवृत्ती ग्वांगाल्लीच्याच किनाऱ्यावर सादर केली. नियमांना हात लावला नाही. शहाणपण झालं.

नव्या खेळाचा फाटा कोरियाबाहेर वाढला. 2018 मध्ये फिनलंडच्या योना सोताला, म्हणजे सेरालने जागतिक अंतिम फेरी जिंकली, कोरियाबाहेरचा पहिलाच. त्याचा जन्म मार्च 1998 चा, खेळ बाजारात यायच्या नऊ दिवस आधीचा. पण ऑक्टोबर 2020 मध्ये ब्लिझार्डने या खेळासाठी विकाऊ नवं काही बनवणं थांबवलं. जानेवारी 2023 मध्ये चिनी भागीदाराशी फाटल्यामुळे चीनमधले सर्व्हर बंद झाले, ते पुन्हा सुरू व्हायला वर्ष उलटून गेलं. मोठं बक्षीस 2024 मध्ये लागलं ते रियाधला, सौदी पैशावर; फ्रान्सच्या क्लेमने सेरालला 5-0 ने हरवलं. सामने अप्रतिम होते. त्यांच्या मागे मात्र वाहिनी नव्हती, लीग नव्हती आणि तालीमही नव्हती. एका यजमानाची मर्जी होती.

मला भीती वाटते ती बक्षिसांची नाही. बक्षिसं येतात-जातात. ब्रूड वॉर काही वर्षं जवळपास फुकट खेळला गेला आणि तरला. भीती तालमीची आहे. जुन्या खेळाच्या अंतिम फेरीत आज दिसणारी नावं जवळजवळ सगळी 2012 पूर्वी संघांच्या घरांत घडलेली आहेत. त्यांनी तिशी ओलांडली, काहींची मनगटं दुखावली, सैन्यातली सेवा करून परतले आणि पुन्हा तेच एकमेकांसमोर बसतात. फुग्यांच्या पैशांवर घडलेला खेळाडू जगतो. पण सतरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं मार खाऊन शिकायला ते पैसे पुरत नाहीत. त्याचा पराभव पाहायला कोण फुगे पाठवणार? नव्या खेळात उलटं आहे. तिथे पोरांना शिकायला जगभरच्या लढतींच्या नोंदी आणि सराव-जोडीदार आहेत, पण सर्व्हर ज्याचे, तो त्यांना कधीही बंद करू शकतो. ऑक्टोबर 2023 पासून तो मायक्रोसॉफ्ट आहे, आणि एवढ्या मोठ्या घरात या खेळाची आठवण कुणाला किती दिवस राहील?

मी पैज लावायची तर जुन्यावर लावीन. त्याचा मालकही तोच, पण त्याला मालकाकडून काहीच लागत नाही. ‘फायटिंग स्पिरिट’ नावाचा एक जुना नकाशा आहे. चार कोपऱ्यांत चार घरं, मधे मोकळं मैदान. स्पर्धांतून तो कधीच मागे पडला, पण सामान्य खेळाडू आजही रात्री उशिरापर्यंत तोच खेळतात. परवा मी एक असा सामना पाहिला. दोघंही अनोळखी, दोघांचा वेगही बेताचा. एकाने पाचव्या मजुराला खड्यापाशी न्यायला तीन सेकंद उशीर केला. दुसऱ्याने चौघांना चार खडे अचूक वाटून दिले, आणि मग सहाव्याला नेताना तोही विसरला. बाविसाव्या मिनिटाला पहिल्याने ‘जीजी’ लिहिलं, छान खेळलास असं सांगायची ती जुनी रीत, आणि निघून गेला. दुसऱ्याने लगेच नवा खेळ उघडला. चार मजूर, 50 खनिजं.