थरावर थर

जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) शिकायला बसलं की आधी थर समोर येतात: एकात नद्या, दुसऱ्यात रस्ते, तिसऱ्यात माती. पाठोपाठ डॉक्टर जॉन स्नोची गोष्ट येतेच: मृत्यू नकाशावर मांडून त्याने दूषित पाण्याचा पंप दाखवून दिला. लंडन, १८५४, कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पंप. जीआयएसची ही वंशावळ मला अर्धीच पटते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला, नकाशा त्यानंतरचा. पंपावर संशय आधीच होता, नकाशा पुराव्याला आला. स्नोचं मोठं काम १८५५च्या सुधारित नकाशावरच्या एका रेषेत आहे. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आसपासचे पंप जिथून सारखेच लांब पडतात, त्या जागा तिने जोडल्या होत्या. तेही सरळ अंतराने नव्हे, गल्लीबोळांतून चालत जावं लागेल त्या अंतराने.

थरांचं घराणं मात्र निराळं. १८३८च्या आयरिश रेल्वे आयोगाच्या नकाशासंग्रहात एकाच देशाचे लोकवस्तीचे, वाहतुकीचे, भूगर्भाचे नकाशे शेजारी आले. ते एकमेकांवर ठेवून पाहणं पुढे ट्रेसिंग पेपरवर चालत राहिलं.

ते परवडेनासं झालं तेव्हा संगणक आला. पूर्व आफ्रिकेत झाडांच्या लागवडीसाठी जागा शोधताना भूगोलतज्ज्ञ रॉजर टॉमलिन्सनच्या लक्षात आलं की इतके नकाशे हातानं जुळवायचे तर खर्च आवाक्याबाहेर जातो. १९६२ साली विमानात त्याची गाठ ली प्रॅटशी पडली. प्रॅटकडे कॅनडाभरच्या जमिनीची प्रतवारी करण्याचं काम होतं आणि अडचण तीच. त्यातून आयबीएमच्या मदतीने कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. माहिती चुंबकीय फितीवर, म्हणजे हवा तो तुकडा मिळेपर्यंत फीत फिरवत बसायचं. १९६६ साली आयबीएमच्या गाय मॉर्टनने नकाशाच्या चौकटींना असे क्रमांक दिले की जमिनीवरचे शेजारी बहुतेक वेळा फितीवरही जवळ यावेत. हा क्रम आजही वापरात आहे.

आता हे थर बटण दाबून एकमेकांवर बसतात. पण त्यासाठी प्रत्येक थराची जागा अक्षांश-रेखांशांत माहीत असावी लागते. आपल्याकडे घोडं इथेच अडतं. महाराष्ट्रातले जुने गावनकाशे शंकू-साखळीने मोजलेले, सारा ठरवण्यासाठी काढलेले. अक्षांश-रेखांशाशी त्यांचा संबंध नव्हता. उपग्रहाच्या चित्रावर असा नकाशा बसवायचा तर दोन्हींत सापडणारे बिंदू आधी हुडकावे लागतात: तिवढ्याचा (तीन शिवा मिळतात तिथला) दगड, जुनी विहीर, शिवेचा कोपरा. ते चुकले तर बांध शेजाऱ्याच्या शेतात सरकतो.